काठावर उभ्या माणसाचा निर्णय

सप्टेंबर 2025 मध्ये सीना आणि चांदणी या नद्यांनी धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात हाहाकार माजवला. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत रातोरात पाणी शिरले. दावणीला बांधलेली जनावरे जागीच बुडाली, माणसे पत्र्यांवर आणि छतांवर चढून बसली. वडनेर येथे एका घराच्या छतावर एक आजी, दोन वर्षांचे मूल आणि आणखी दोघे रात्रीपासून अडकले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) जवानांबरोबर धाराशिवचे खासदार ओमराजे निंबाळकर स्वतः पाण्यात उतरले आणि त्या चौघांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. त्या बचावाची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली आणि लोकांनी तिचे मनापासून कौतुक केले.

त्या चित्रफितीत न आलेला भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे जवान पोहोचेपर्यंतचे तास. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरे येथे आहे. तिथून परंड्याला यायचे तर रस्ते कोरडे असतानाही काही तास जातात आणि पूर असतो तेव्हा रस्ते कोरडे नसतात. त्या वेळात काठावर गावचीच माणसे उभी असतात. समोरच्या छतावरचा माणूस ओळखीचा, कधी भावकीतला असतो. काठावरच्याला पोहता येते, पण असल्या पाण्यात तो कधी उतरलेला नसतो. घरी त्याचीही लेकरे असतात. त्याने उतरावे का? नाही उतरला तर त्याला भित्रा म्हणायचे का? उतरला आणि वाहून गेला, तर त्याच्या बायकोला काय सांगायचे?

आपल्याकडे या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर आहे. जिवावर उदार होणारा मोठा, मागे राहणारा छोटा. हे उत्तर ऐकायला चांगले वाटते, पण ते अपुरे आहे आणि कित्येकदा घातकही ठरते, असे माझे ठाम मत आहे.

धाराशिव जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. लातूरच्या बाजूला किल्लारी, तर तेव्हाच्या उस्मानाबादच्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. 52 गावे नव्याने वसवावी लागली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सापडतो. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. तेवढ्या हादऱ्यात इतकी माणसे गेली ती घरांच्या बांधणीमुळे. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर माळवदाचा पांढऱ्या मातीचा जाड थर अशी ती घरे होती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला दगड रचलेले, मध्ये नुसती भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आडवा दगड क्वचितच. हादरा बसताच भिंत दोहोंकडे फाकली आणि माळवद झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. दगडाच्या मारातून वाचलेल्याचाही मातीखाली श्वास कोंडत होता.

पहिले मदतकार्य केले ते त्याच ढिगाऱ्यातून बाहेर पडलेल्यांनी. अंधार होता, जमीन पुन्हा पुन्हा हलत होती, हातात असलीच तर टिकाव-खोरी होती. अशा ढिगाऱ्यावर चढणे म्हणजे केवळ स्वतःचा जीव धोक्यात घालणे नव्हते. चढणाऱ्याचे वजन खाली अडकलेल्याच्या अंगावर येते, एक तुळई ओढली की शेजारची भिंत बसते. आणि कुणाला आधी काढायचे? स्वतःच्या मुलाचा आवाज येत नाही आणि शेजारच्याचे मूल ओरडते आहे, अशा वेळी हात कुठे चालवायचे? ज्यांनी ती पहाट भोगली त्यांच्यापुढे हा प्रश्न अक्षरशः उभा होता. त्यांनी काय केले यावर आपण आज घरात बसून निवाडा देणे मला अमानुष वाटते.

याच भूकंपातली मंगरूळ गावातली घटना पुढे गाजली. भूकंपाला पाच दिवस होऊन गेले होते. जिवंत कुणी सापडेल ही आशा मावळली होती आणि लष्कराचे जवान मृतदेह काढण्याचे काम करत होते. एका जोडप्याने आपल्या अठरा महिन्यांच्या मुलीचा देह तरी मिळावा अशी विनवणी केली. सुमीत बक्षी नावाचे लष्करी अधिकारी त्या ढिगाऱ्यात सरपटत आत गेले. मुलगी एका खाटेखाली सापडली, आणि ती जिवंत होती. पुढे ती शिकली, मोठी झाली आणि बऱ्याच वर्षांनी त्या अधिकाऱ्याची आणि तिची भेटही झाली.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. मे 2024 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. एकाचा मृतदेह मिळाला, दुसऱ्याचा शोध घेण्यासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले. 23 मे रोजी पथकाची बोट प्रवाहात उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ते प्रशिक्षित होते, साधने होती, तरीही नदीने त्यांना सोडले नाही. बुडालेल्या मुलाच्या घरच्यांना त्याचा देह हवा होता आणि ती मागणी कुणीही नाकारू शकत नाही. पण आधीच गेलेल्या माणसाच्या देहासाठी जिवंत माणसे गेली.

मंगरूळला जे झाले त्याला आपण चमत्कार म्हणतो आणि प्रवरेवर जे झाले त्याला दुर्घटना. आत जाताना मात्र दोन्ही ठिकाणी माहीत होते ते एकच, की बहुधा मृतदेहच मिळेल. मुलगी जिवंत सापडली म्हणून बक्षी यांचा निर्णय बरोबर ठरत नाही, तसाच बोट उलटली म्हणून जवानांचा निर्णय चूक ठरत नाही. त्या क्षणी हाती काय माहिती होती, कोणते साधन होते, धोका कमी करण्यासाठी काय केले होते, एवढ्यावरच अशा निर्णयाची पारख करता येते. आपण नेमके उलटे करतो. वाचला तर शाबासकी, मेला तर ‘कशाला गेला होता?’

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. महाभारताच्या आदिपर्वातली एकचक्रा नगरीची कथा लहानपणी आपण भीमाच्या गाडाभर अन्नासाठी ऐकतो. तिचा खरा गाभा मात्र भीम घराबाहेर पडण्याच्या आधीच्या रात्रीत आहे. बकासुराकडे जाण्याची पाळी पांडवांना आसरा देणाऱ्या ब्राह्मणाच्या घरावर आली आहे. नवरा म्हणतो मी जातो. बायको म्हणते, तुम्ही गेलात तर मुलांचे कोण पाहील, मीच जाते. मुलगी म्हणते, मला कधी तरी परक्या घरी जायचेच आहे, मलाच पाठवा. लहान मुलगा गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघतो. एका घरातली प्रत्येक व्यक्ती आपला जीव देऊ करते आणि प्रत्येकीजवळ कारण आहे.

मग कुंती आपला मुलगा देऊ करते. युधिष्ठिराला हे कळते तेव्हा तो आईला दोष देतो. भीमाच्या बळावर आपण सगळे तगून आहोत, त्याला परक्यासाठी कसे पाठवतेस, हा त्याचा आक्षेप अगदी रास्त आहे. कुंतीच्या उत्तरात दोन गोष्टी येतात. ज्यांनी आसरा दिला त्यांचे ऋण आपल्यावर आहे, ही पहिली. आणि दुसरी अशी की, मी मुलाला मरायला पाठवत नाही. लाक्षागृहातून आम्हाला उचलून नेणारा, हिडिंबाला मारणारा भीम मी पाहिला आहे. म्हणजे कुंतीचा निर्णय हिशेबाचा आहे. धोका आहे, पण तो पेलण्याची ताकद असलेला माणूस आहे. तिने सहदेवाला पाठवले असते तर त्याला मी त्याग म्हटले नसते. इथे कथेने फार मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे. ज्याच्या अंगी बळ आहे त्याच्यावरची जबाबदारी वेगळी आणि ज्याच्या अंगी नाही त्याच्यावरची वेगळी.

दुसरा सूर आपल्या मराठवाड्यातच दगडावर रंगवलेला आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातक या बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या कथेचे चित्र आहे. वानरांचा राजा स्वतःच्या देहाचा पूल करतो, त्याच्या पाठीवरून सगळी टोळी पलीकडे जाते आणि शेवटच्याच्या उडीने त्याचा जीव जातो. पहिल्या लेण्यात कबुतरासाठी स्वतःचे मांस तोलून देणारा शिबी राजा आहे. या कथांत हिशेब नाही. बोधिसत्त्वाची करुणा मोजत नाही आणि म्हणूनच त्या कथा बोधिसत्त्वाच्या आहेत. त्या वाचून मन मोठे होते, पण काठावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला त्या मापाने मोजायला निघालो तर अन्याय होतो. आपल्याकडच्या नीतिग्रंथांनी आधी स्वतःचे रक्षण करावे असेही स्पष्ट सांगितले आहे, आणि ते सांगणारे लोक काही क्षुद्र नव्हते.

ज्यू परंपरेत याच प्रश्नावर जुना वाद आहे. दोघे वाळवंटातून चालले आहेत, पाणी एकाजवळच आहे आणि ते एकालाच गावापर्यंत पोहोचवील एवढेच आहे. बेन पेतुरा म्हणतो, दोघांनी प्यावे, मग दोघे मेले तरी चालेल. रब्बी अकिवा म्हणतो, ज्याचे पाणी त्याने प्यावे, त्याचा जीव आधी. पुढच्या परंपरेत अकिवाचे मत मानले गेले. इंग्रज तत्त्वज्ञ जे. ओ. उर्मसन याने 1958 मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. साथीदारांना वाचवण्यासाठी फुटू घातलेल्या हातबॉम्बवर स्वतःला झोकून देणारा सैनिक अतिशय मोठे काम करतो, पण ते त्याचे कर्तव्य होते असे कुणीही म्हणू शकत नाही. त्याने तसे केले नसते तर त्याला कुणी दोष दिला नसता. नीतीत ‘करायलाच हवे’ आणि ‘करू नये’ यांच्या पलीकडे ‘केले तर थोर, नाही केले तर दोष नाही’ असा एक प्रदेश आहे, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे.

पण त्या प्रदेशाची सीमा आपण सोयीने सरकवतो, म्हणून 1972 मध्ये पीटर सिंगर यांनी विचारलेला प्रश्नही विसरता येत नाही. उथळ तळ्यात मूल बुडते आहे, तुम्हाला फक्त कपडे चिखलाने भरवावे लागणार आहेत. न उतरणारा माणूस दोषी नाही का? नक्कीच आहे. म्हणजे धोका जितका कमी, तितके कर्तव्य पक्के. जर्मनीच्या दंडसंहितेतील 323 सी या कलमानुसार अपघातात मदत न करणे हा गुन्हा आहे, पण त्या कायद्यानेही स्वतःला मोठा धोका असेल तर सूट दिली आहे. आपल्याकडे अशी सर्वसाधारण कायदेशीर सक्ती नाही.

हा सगळा विचार शांतपणे बसून करता येतो. पाण्याच्या काठावर तेवढी सवड नसते. 17 एप्रिल 2021 रोजी मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईच्या हातातून सुटलेले मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावला, मुलाला फलाटावर ढकलले आणि गाडी येण्याच्या जेमतेम एक-दोन सेकंद आधी स्वतः वर चढला. आपल्यालाही धोका आहे हा विचार मनात आला होता, असे त्याने नंतर सांगितले. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्याने त्या मुलासाठी दिली. त्याच्या धैर्याला माझा नमस्कार आहे. पण त्याबरोबर हेही लक्षात घ्यायला हवे की, तो रेल्वेचा माणूस होता. गाडीचा वेग, रुळांवरून कसे धावायचे, फलाटाची उंची हे सगळे त्याच्या अंगवळणी होते. दुसऱ्या कुणी तेच केले असते तर कदाचित दोघे गेले असते.

अमेरिकेत डेव्हिड रँड आणि झिव्ह एप्स्टीन या संशोधकांनी 2014 मध्ये जीव वाचवल्याबद्दल कार्नेगी पदक मिळालेल्या 51 जणांच्या मुलाखती तपासल्या. बहुतेकांनी विचार करून नव्हे, तर आतून आलेल्या पहिल्या ऊर्मीने उडी घेतली होती. हे खरे असेल तर काठावरच्या क्षणी माणसाला नीती शिकवण्याचा उपयोग नाही. अंगात जे आधीपासून मुरलेले असते तेच त्या क्षणी वर येते. म्हणून या प्रश्नाची खरी जागा त्या क्षणाच्या पुष्कळ आधी आहे. गावाने काय शिकवले, काय जवळ ठेवले, कोणाला तयार केले, इथे तो प्रश्न सुटतो किंवा बिघडतो.

बिघडतो कसा याचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले आहे. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची रबडी साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. असे पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि त्याला वर ओढता आले.

या पाच जणांत भित्रा कुणीच नव्हता. त्यांना मारले ते अज्ञानाने. सडणाऱ्या शेणातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. यातला पहिला वायू कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारतो. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. आणि पुढच्या एक-दोन श्वासांत तो कोसळतो. जुन्या विहिरीत आधी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची रीत प्राणवायू कमी आहे की नाही एवढेच सांगते. विषारी वायू तिला कळत नाही, आणि मिथेन असेल तर ज्योतीनेच भडका उडू शकतो. अमेरिकेतील एनआयओएसएच या सरकारी संस्थेने 1986 मध्ये नोंदवले होते की, बंदिस्त जागांतील मृतांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. म्हणजे बळी जाणाऱ्यांत मदतीला धावणारेच जास्त.

आपल्या जिल्ह्यात हेच संकट तीन-चार रूपांत गावोगाव बसलेले आहे. गाळ काढायच्या जुन्या विहिरी आहेत, शोषखड्डे आणि संडासाच्या टाक्या आहेत. मोटारीची वायर पाण्यात पडली की एकाला शॉक बसतो आणि त्याला धरायला गेलेलाही चिकटतो. डीपीवरून वीज बंद करायला लागणारी दोन मिनिटे आपल्याला त्या वेळी क्रूर वाटतात, पण तीच दोन मिनिटे दुसरा जीव वाचवतात. आणि अलीकडे शेततळी. दुष्काळी भागाला त्यांनी आधार दिला हे खरे, पण त्यांत अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरले की उतारावर पाय ठरत नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही धरायला काही सापडत नाही. मुलगा घसरला म्हणून बाप उतरतो आणि दोघेही त्याच निसरड्या उतारावर वर येऊ शकत नाहीत. शेततळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला एकेक दोर खुंटीला बांधून आत सोडून ठेवला, तर कोणाला शूर होण्याची गरजच पडणार नाही.

पोहण्याचेही तसेच. इथली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. विहिरीचे पाणी स्थिर असते. त्या पोहण्याला वाहत्या पाण्याची ओळख नसते. ‘मला पोहता येते’ या खात्रीवर पुरात उतरणारा दुष्काळी भागातला तरुण स्वतःच्या ताकदीचा अंदाज चुकवतो. शिवाय बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याला मिठी मारतो, त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. त्यात त्याचा दोष नसतो, श्वासासाठी शरीर तसेच वागते. म्हणून जाणकार सांगतात की आधी काठी पुढे करा, ती पुरत नसेल तर दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका, मग ट्यूब किंवा होडी; स्वतः उडी घेणे सर्वांत शेवटी. माणसाचे डोके पाण्यावर राहायला चार-पाच किलोंचा आधारही पुरतो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन तेवढे काम करतो. नऊवारी लुगडे आठ मीटरहून लांब असते. ऑगस्ट 2020 मध्ये तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर बुडणाऱ्या चार मुलांपैकी दोघांना तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून, त्या पाण्यात फेकून बाहेर ओढले. त्यांना राज्याने गौरवले. मला तो गौरव विशेष वाटतो, कारण त्यांनी स्वतःचा धोका कमीत कमी ठेवून काम केले.

या विषयात क्वचितच बोलली जाणारी एक बाजू आहे. धोका पत्करायला कोणाला सांगितले जाते? विहिरीत प्रेत असले की गावोगाव भोई-कोळी समाजातल्या पोहणाऱ्याला बोलावणे जाते. तो येतो, उतरतो, प्रेत काढतो आणि बहुतेकदा हाती नारळ घेऊन घरी जातो. तुंबलेल्या गटारात कोणाला उतरवले जाते हे मी सांगायची गरज नाही. तीच गोष्ट घरात. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात जिवंत दात्याला मृत्यूचा धोका दहा हजारांत फार तर तीन इतका असतो. यकृताच्या बाबतीत तो बराच अधिक. आपल्या देशात जिवंत दाते बहुसंख्येने स्त्रिया आहेत, आया आणि बायका. त्यांतल्या कित्येकींनी प्रेमाने दिले, यात शंका नाही. पण जिला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नव्हती तिच्या देण्याला त्याग म्हणू नये. एकचक्रेतल्या त्या बायकोला आणि मुलीला आपला जीव सर्वांत स्वस्त वाटावा, हेही त्या कथेचे दुखणे आहे.

ज्यांनी हे काम पेशा म्हणून घेतले त्यांची गोष्ट वेगळी, असे आपण मानतो आणि ते अर्धेच खरे आहे. पोलीस, अग्निशमन दल, लष्कर यांनी धोका पत्करण्याची शपथ घेतलेली असते. पण त्या शपथेच्या बदल्यात समाजही काही देणे लागतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या हातातल्या रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या हाती तेव्हा लाठी होती. त्यांना अशोकचक्र मिळाले, ते योग्यच. पण एके-47 समोर लाठी घेऊन उभे राहावे लागले, ही जबाबदारी त्यांची नव्हती. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीला दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी डोंगर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. पेशा म्हणून आलेल्याचा जीव काही कमी मोलाचा नसतो.

सरकारी व्यवस्थेने काही पावले टाकली आहेत. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टकचेरीचा त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 ए हे कलम आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. येडशी-तुळजापूर मार्गावर किंवा नळदुर्ग-उमरगा मार्गावर अपघात पाहून थांबणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवे. जखमीला उचलायला धावण्याआधी आपली गाडी बाजूला घेऊन दिवे लुकलुकते ठेवावेत, मागून येणाऱ्याला इशारा द्यायला एकाला उभे करावे, हेही माहीत हवे. अशी मदत करणाऱ्यांसाठीच्या ‘राहवीर’ योजनेत बक्षीस आता 25 हजार रुपये आहे.

पण वाचवणारा मेला तर? आपत्ती निधीच्या निकषांत नैसर्गिक आपत्तीतल्या मृताच्या वारसांना 4 लाख रुपये मिळतात आणि मदतकार्यात मृत्यू आलेल्यांचाही त्यांत समावेश आहे, ही चांगली तरतूद आहे. विहिरीतला वायू मात्र नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत 2 लाख रुपये आहेत, पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरते. दुसऱ्याच्या विहिरीत दुसऱ्याच्या मुलाला काढायला उतरलेला भूमिहीन मजूर या दोन्हींच्या बाहेर राहतो. त्याच्या फोटोला हार घातला जातो, भाषणे होतात आणि त्याची बायको ऊसतोडीला जाते. ज्याने कर्तव्यापलीकडे जाऊन काही केले, त्याच्या घराची जबाबदारी मात्र आपले निखळ कर्तव्य आहे. इथे कोणतीही सूट नाही.

तर काठावरच्या माणसाने काय करावे? वाचण्याची खरी शक्यता असेल, अंगात ते कसब असेल, कमरेला दोर आणि तो धरायला माणसे असतील, तर त्याने जावे आणि आपण त्याच्या पाठीशी उभे राहावे. यांतले काहीच नसेल तर न उतरणे हा भित्रेपणा नाही. हातपाय गाळून चित्रीकरण करत उभे राहणे मात्र निंद्य आहे, कारण फोन करणे, दोर शोधणे, डीपी बंद करणे, धावणाऱ्या दुसऱ्याला अडवणे हे प्रत्येकाला जमते. आणि ज्याने आपल्या लेकरांकडे पाहून पाऊल मागे घेतले, त्याला आयुष्यभर टोमणे मारू नयेत.

1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. त्यानंतर महिन्याभरात पाऊस येतो. यंदाच्या ग्रामसभेत सीना, तेरणा, मांजरा आणि बोरी या नद्यांकाठच्या प्रत्येक गावाने तीन ठराव करावेत. पन्नास मीटरचा चांगला दोर, दोन लाइफ जॅकेट आणि ट्रकच्या चार ट्यूब ग्रामपंचायतीत ठेवून त्यांची किल्ली कोणाकडे आहे ते फळ्यावर लिहावे. गावातल्या दहा तरुण-तरुणींना तहसील कार्यालयामार्फत आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळावे, अशी लेखी मागणी करावी. आणि प्रत्येक शेततळ्याला दोर व प्रत्येक पडीक विहिरीला झाकण किंवा कठडा करून घेण्याची मुदत मालकाला द्यावी. हा लेख वाचणाऱ्याने आपल्या सरपंचाला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला यासाठी आजच गाठावे, एवढीच विनंती आहे.